पत्ता सोडून गेली

तिनं शिक्का शाईच्या गादीवर दाबला, पाकिटाच्या कोपऱ्यावर आणला आणि तिथंच अधांतरी धरला. पाकिटावर तिचंच नाव होतं.

नाव तिचं, घराचा नंबर तिचा, गल्लीही तिचीच. वर परदेशी तिकिटं, रजिस्टर टपालाची पट्टी, आणि या सगळ्यावरून आडवा, निळ्या पेनानं मारलेला शेरा: 'पत्ता सोडून गेली.'

"काय गं ताई, मुंगी चावली का?" शेजारच्या टेबलावरून मावशींनी विचारलं. "हात का थांबला?"

"काही नाही," ती म्हणाली आणि शिक्का उताणा करून ठेवला.

ही परतीची खोली. परदेशाहून आलेलं आणि कुणाच्याच हाती न पडलेलं टपाल इथं येऊन साचायचं. पत्ता अपुरा, घर बंद, माणूस वारला, घ्यायला नकार, पत्ता सोडून गेले. प्रत्येक पाकिटावर पोस्टमननं काहीतरी लिहिलेलं असायचं, आणि या खोलीनं फक्त ते पाकीट जिथून आलं तिथं परत धाडायचं. शिक्क्यात एक छोटासा हात होता, मूठ वळलेला आणि एक बोट ताणलेला. त्या कामाला खोलीत 'बोट लावणं' म्हणत. "आज किती जणांना बोट लावलंस?" असा मावशींचा रोजचा विनोद, आणि रोज हसायच्या त्याही मावशीच.

इथला नियम सोपा होता. शेऱ्यावर शंका घ्यायची नाही. पोस्टमन दारापर्यंत जाऊन आलेला असतो, आपण खुर्चीत बसलेले असतो, त्याला कुणी काय सांगितलं हे विचारणारे आपण कोण, असं साहेब म्हणायचे. तिलाही ते पटलेलं होतं. इतकी वर्षं तिनं डोळे मिटून बोटं लावली होती आणि एकाही पाकिटापायी तिची झोप उडाली नव्हती.

पण हे पाकीट! या पाकिटासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. परदेशातल्या एका जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालयात तिच्या भाषेतली पत्रं पोती भरभरून पडली होती, आणि ती वाचू शकेल असं माणूस त्यांना हवं होतं. गचाळ अक्षर वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुसट, पाण्यात भिजलेलं, घाईघाईत खरडलेलं, काहीही द्या. तिनं अर्ज केला, त्यांनी नमुने पाठवले, तिनं ते वाचून दाखवले आणि त्यांनी चक्क बोलावलं. नेमणुकीचा मूळ कागद टपालानं येणार होता. तो उठावदार शिक्क्याचा कागद हातात असल्याशिवाय तिकडचं सरकार पाऊल ठेवू देत नव्हतं, आणि महिनाअखेरीपर्यंत तो दाखवला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला. तिनं विचारणा केली तेव्हा त्यांचं उत्तर आलं होतं, 'पाठवला आहे, पोचेल.' महिना तर संपतच आला होता.

रोज संध्याकाळी ती घरात पाऊल टाकायची आणि पलंगावरून बाबा विचारायचे,

"आलं का गं काही?"

"नाही बाबा."

"कमाल आहे! सगळ्या जगाची पत्रं तू मार्गी लावतेस आणि तुझंच पत्र येईना. येईल, येईल. मी सांगतो ना."

मग ती त्यांच्या पाठीमागे उशी लावायची, तोटीचा पेला त्यांच्या ओठांशी धरायची आणि हनुवटीवर ओघळलेलं पाणी पुसायची. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडले तेव्हापासून बाबा उठले नव्हते. हाड केव्हाच जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, मनावर घेतलं तर चालतील. बाबांनी काही मनावर घेतलं नाही. चाकांची खुर्ची आली, पलंगाला कठडा आला, आणि तिच्या पाठीत कायमची उसण भरली. त्या पाठीसकट तिनं त्यांना रोज उचललं, अंघोळ घातली, खुर्चीत बसवून खिडकीशी नेलं. परदेशाचं निघालं तेव्हा बाबा म्हणाले होते, "जा. मी तुझ्या आड येणार नाही. माझं काय, पिकलं पान." ती त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती.

"साहेब," ती पाकीट घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली, "हे माझं आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाव वाचलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा नाव वाचलं. "अरेच्चा. तुमचं नाव हे आहे होय?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. या इमारतीत तिला सगळे ताईच म्हणायचे. तिच्याहून मोठ्या मावशीही ताई म्हणायच्या, साहेबही ताई म्हणायचे, आणि हजेरीच्या यंत्राला तर नुसता अंगठा पुरायचा. तिचं खरं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं.

"मग मी घेऊ ना हे?"

"घ्या कसं? परतीची नोंद झालीय. शेरा उभा आहे तोवर हे टपाल तुमचं नाही, पाठवणाऱ्याचं आहे." साहेब ओशाळले. "ज्याचा शेरा त्यानंच खोडायचा, ताई. कारण लिहून, सही करून. मग माझी काही ना नाही. पण थैली आज दुपारी बंद होते, ते लक्षात ठेवा."

"कुणाचा भाग आहे आमचा?"

"नव्याचा. जेवायच्या सुट्टीत येईल खाली."

वाटपाचं ऑफिस खालच्याच मजल्यावर होतं. तिच्या गल्लीत वर्षानुवर्षं येणारा पोस्टमन निवृत्त झाला होता. त्याला तिनं बजावून ठेवलं होतं, काका, माझं परदेशी पाकीट येणार आहे, डोळ्यांत तेल घालून बघा. काका गेले, त्यांच्या जागी नवा आला, आणि त्याला सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. हा नवा रोज चहाच्या वेळी तिच्या शेजारी उभा राहून चहा प्यायचा. "ताई, साखर द्या की," म्हणायचा. त्याच्या पिशवीत तिचं नाव, आणि तोंडात ताई.

ती जिन्याच्या वळणावर थांबली. आता डोकं चालायला लागलं होतं, आणि चालता चालता एकाच ठिकाणी जाऊन थांबत होतं. नव्याला ती माहीत नव्हती, ठीक. पण 'पत्ता सोडून गेली' असं कुणी आपल्या मनानं लिहीत नाही. घरातून कुणीतरी सांगावं लागतं. दुपारी घराची किल्ली दुसऱ्या कुणाकडे होती? वहिनीकडे. दादा-वहिनी दोन गल्ल्या सोडून राहायचे. वहिनी रोज दुपारी येऊन बाबांना जेवायला वाढून जायची. ती स्वतः परदेशी गेली तर बाबा कुणाकडे जाणार होते? वहिनीकडे. बातमी कळल्यावर वहिनी म्हणाली होती, "जा की बिनघोर. आम्ही आहोत ना." किती गोड बोलली होती बया!

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं तिथल्या तिथं फोन लावला.

"वहिनी, एवढं जड जात होतं तर तोंडावर सांगायचं होतं."

"काय गं? काय जड जात होतं?"

"पोस्टमनला सांगितलंत ना, मी राहत नाही तिथं? माझा कागद परत निघाला होता. केसानं गळा कापलात माझा."

 पलीकडे कुकरची शिटी झाली.

"मी?" वहिनी एवढंच म्हणाली, आणि मग, "बरं. तुला तसं वाटत असेल तर तसं." फोन बंद झाला.

बघा, साधं नाही म्हणायचीही हिंमत नाही, असं ती स्वतःशी पुटपुटली. पण बोलून मोकळं वाटायला हवं होतं, ते काही वाटलं नाही.

नवा आला तो घामाघूम होऊन, रिकामी पिशवी खांद्यावर टाकून. तिला जिन्यात बघून हसला.

"काय ताई, आज खाली कशा?"

तिनं पाकीट त्याच्यासमोर धरलं. "हा शेरा तुमचा?"

त्यानं वाकून बघितलं. "माझाच. का, काही चुकलं का?"

"हे नाव माझं आहे."

"तुमचं?" तो पाकिटाकडे बघू लागला. "पण तुम्ही तर ताई ना?"

एरवी ती पोट धरधरून हसली असती. आता तिनं फक्त मान हलवली. नव्याचा चेहरा उतरला. त्याची नोकरी अजून पक्की झाली नव्हती, आणि परदेशी रजिस्टरची चूक म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे.

"पण ताई, मी मनानं नाही लिहिलं. शपथेवर सांगतो, घरातूनच सांगितलं मला."

"माहितीय मला. कुणी सांगितलं तेही माहितीय. उंच बाई ना? चष्म्याच्या?"

"बाई?" नवा गोंधळला. "नाही हो. बाई कुठल्या? आजोबा होते."

"आजोबा आत असतील, पलंगावर. दार कुणी उघडलं?"

"त्यांनीच. मी दोनदा बेल वाजवली, ते आले."

"ते नाही येऊ शकत," ती म्हणाली. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली. "त्यांना चालता येत नाही. खुर्ची आहे त्यांना, चाकांची."

"खुर्ची होती की. दाराशेजारीच होती. तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता." नव्याला आता आपलं खरं करून दाखवायची घाई झाली होती. "अहो, तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी वर पोचलो तर मला धाप लागलेली. ते म्हणाले, थांबा, पाणी देतो. आत गेले आणि ग्लास भरून घेऊन आले. खाली बशी होती. फार भला माणूस."

"बशीत सांडलं असेल."

"काय?"

"पाणी. बशीत सांडलं असेल ना?"

नवा विचार करू लागला. "नाही. काठोकाठ होतं, पण नाही सांडलं. का हो?"

तिनं जिन्याच्या कठड्याला हात लावला. कठडा नुकताच रंगवलेला होता आणि हाताला किंचित चिकटत होता. बाबांचा हात थरथरतो म्हणून तर तोटीचा पेला आणला होता. तो मिळत नव्हता तेव्हा तिनं त्याच्यासाठी सगळा बाजार पालथा घातला होता.

"मग काय म्हणाले?"

"मी म्हटलं, मुलीचं पाकीट आहे, तिचीच सही लागेल. तर म्हणाले, मुलगी गेली परदेशी. फार मोठ्या ठिकाणी लागलीय, जुनी पत्रं वाचायचं काम आहे, सगळ्यांना नाही जमत ते. इतक्या कौतुकानं सांगत होते, ताई! मी म्हटलं नवा पत्ता द्या, तिकडे वळतं करू. म्हणाले, पत्ता अजून कळवला नाही तिनं. रजिस्टर असलं की दुसऱ्यांदा जावं लागतं, म्हणून परत गेलो. त्या वेळी दार नाही उघडलं. बेल वाजवल्यावर आतूनच ओरडले, सांगितलं ना, ती राहत नाही इथं."

म्हणजे त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं. आलं का गं काही? दोन्ही संध्याकाळी विचारलं होतं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी. तिला एकेक संध्याकाळ आठवली. बाबांच्या आवाजात कुठंही खोट नव्हती. उलट परवा ती रडवेली झाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता, आणि तो हात थरथरत होता. तो तरी खरंच थरथरत होता का, कोण जाणे.  वहिनीचा राग बरा होता. तो परक्या घरातून आलेल्या बाईवरचा राग होता, तो धरता येत होता. हा कुठं धरायचा?

"ताई, बसता का?" नव्यानं विचारलं. "असं करू, मी लिहितो की माझ्याकडून घर चुकलं. म्हातारा माणूस आहे, विसरला असेल. कशाला घरातली गोष्ट कागदावर. साहेब मला फार तर ओरडतील."

"ओरडणार नाहीत. काढून टाकतील."

"मग काय लिहू?"

"जे झालं ते लिहा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "वडिलांनी दारात येऊन चुकीची माहिती दिली, म्हणून शेरा मारला. 'दारात येऊन' हे विसरू नका."

वर साहेबांच्या टेबलावर नव्यानं शेऱ्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं, सही केली. साहेबांनी ते वाचलं आणि पाकीट तिच्यापुढे सरकवलं. मावशी मात्र मान लांब करून वाचून आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विनोद सुचला नाही.

"जा तू घरी," त्या म्हणाल्या. "तुझ्या गठ्ठ्याला मी बोट लावते."

रस्त्यावर आल्यावर तिनं पुन्हा फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली. आता उचलत नाही बहुधा, असं वाटेपर्यंत वाजली.

"वहिनी, माझं चुकलं."

"ते राहू दे," वहिनीचं नाक चोंदलेलं होतं. "मिळालं का पाकीट?"

"मिळालं."

"मग झालं तर. तुझ्यासाठी जाड कोट आणून ठेवलाय मी, थंडी फार असते म्हणे तिकडे. येऊन घालून बघ. बाह्या लांब वाटतात मला." जरा थांबून तिनं विचारलं, "कुणी सांगितलं होतं गं पोस्टमनला?"

"चुकून झालं." ही तिची त्या दिवसाची शेवटची थाप. "वहिनी, बाबा तुमच्यासमोर कधी उठले होते?"

"काय विचारतेस? ताटावरची माशीसुद्धा मला हाकलावी लागते."

ती इमारतीत शिरली तेव्हा दुपारच्या टपालाची वेळ होती. वहिनी वाढून, भांडी घासून केव्हाच गेली असणार. बाबांच्या हिशेबानं तिला यायला अजून पुष्कळ अवकाश होता. जिना चढताना तिनं चपला हातात घेतल्या. आपण हे काय करतोय असं तिला वाटलं, लाजही वाटली, पण तिनं त्या हातातच ठेवल्या.

दारासमोर ती उभी राहिली. किल्ली पर्समध्ये होती. तिनं किल्ली काढली नाही. तिनं बेल वाजवली, दोनदा, नव्यासारखी.

आधी काहीच आवाज आला नाही. तिला एकदम वाटलं, नव्यानं थापा मारल्या असतील. नोकरी वाचवायला माणूस काय वाटेल ते बोलतो. देवा, नव्यानं थापा मारलेल्या असू देत! ती दाराला कान लावून उभी राहिली.

मग पलंग करकरला. स्लिपरा फटफटल्या. खोलीतून, बैठकीतून, टेबलाला वळसा घालून, कुठंही न अडखळता त्या दारापर्यंत आल्या. त्या चालीत घाई नव्हती. जिन्यात पडायच्या आधी सकाळी पेपर घ्यायला बाबा याच चालीनं यायचे. ही चाल तिनं अंथरुणातून लहानपणापासून ऐकली होती, आणि गेली दोन वर्षं ती ऐकायला मिळावी म्हणून काय नव्हतं केलं तिनं!

"किती वेळा सांगायचं?" दाराच्या पलीकडून, हाताच्या अंतरावरून बाबांचा ठणठणीत आवाज आला. "ती राहत नाही इथं. गेली ती."

चपला हातात धरून ती तशीच उभी राहिली. पलीकडे बाबाही उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग स्लिपरा आल्या तशा परत गेल्या. पलंग करकरला.

तिनं डोळे पुसले, चपला पायात घातल्या, पर्समधून किल्ली काढली आणि रोजच्यासारखी खडखड करत दार उघडलं.

बाबा पलंगावर आडवे होते. चादर छातीपर्यंत ओढलेली, मान एका बाजूला कललेली. कठड्याच्या आतला हात चादरीवर थरथरत होता.

"आज लवकर आलीस, बाळ?" आवाज खोल गेलेला, रोजचा. "बरं नाही का वाटत?"

"बरी आहे."

"आलं का गं काही?"

"आलं," ती म्हणाली.

बाबांचा थरथरणारा हात थांबला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिनं पर्समधून पाकीट काढलं आणि चाकांच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून घडी घातला. खुर्ची पलंगासमोर ओढली आणि तिच्यात ती स्वतः बसली. या खुर्चीत ती याआधी कधीच बसली नव्हती. बरी होती खुर्ची, पाठीला आराम होता.

"वा," बाबा म्हणाले. "छान झालं. छान." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "जरा पाणी देतेस का गं? घसा सुकला."

"उठून घ्या, बाबा," ती म्हणाली. "आणि येताना मलाही आणा एक ग्लास. पोस्टमनला दिलात तसा."

मग तिनं मान खाली घातली आणि पाकिटाची कड फोडायला घेतली. गोंद चिवट होता, कागद जाड होता, ती सावकाश फोडत राहिली. पुष्कळ वेळानं पलंग करकरला. तिनं वर बघितलं नाही.